आवर्तसारणीचा भिंतीवरचा तक्ता: कोणता घ्यावा, कोणता दुकानातच ठेवावा

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी, क्लाससाठी किंवा घरात दहावी-अकरावीचं मूल आहे म्हणून आवर्तसारणीचा तक्ता घ्यायचा असेल, तर समोर साधारण चार पर्याय असतात. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा लॅमिनेट केलेला कागदी तक्ता. शैक्षणिक साहित्याच्या दुकानातला, वर-खाली पट्ट्या लावलेला, गुंडाळून ठेवता येणारा रेक्झिनचा तक्ता. प्रत्येक चौकटीत त्या मूलद्रव्याचा फोटो असलेलं रंगीत पोस्टर. आणि चौथा म्हणजे आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या संकेतस्थळावरची फुकट पीडीएफ उतरवून घेऊन स्वतः छापून घेणं.

निकाल आधीच सांगतो. वर्गासाठी चौथा पर्याय सगळ्यात चांगला, फक्त त्यावर थोडं हातकाम करावं लागतं. रेक्झिनचा तक्ता टिकतो, पण आतला मजकूर तपासूनच घ्यावा. स्टेशनरीतला तक्ता घरी टेबलासमोर लावायला चालेल. फोटोंचं पोस्टर पाचवी-सहावीच्या मुलांना मूलद्रव्यांची गोडी लावायला छान आहे. सारणीची रचना शिकवायला मात्र ते कामाचं नाही, कारण फोटोंना जागा देताना रंगसंगती, गणांचे (उभ्या स्तंभांचे) क्रमांक आणि खंडांच्या (एस, पी, डी, एफ या भागांच्या) सीमा या तीनच गोष्टी गाळल्या जातात, आणि सारणी समजते ती नेमकी याच तीन गोष्टींवरून.

तक्ता चांगला की वाईट हे ठरवायची आमची कसोटी साधी आहे. हायड्रोजनवर बोट ठेवा आणि अणुअंक (अणूतल्या प्रोटॉनांची संख्या) १ पासून ११८ पर्यंत बोट न अडखळता नेता येतं का ते बघा. बहुतेक तक्ते ५६ वर, म्हणजे बेरिअमवर अडखळतात. बेरिअमच्या पुढची चौकट काय दाखवते? तिथून बोट खालच्या वेगळ्या ओळीत जाऊन ७१ नंतर पुन्हा वर हाफ्निअमपाशी, ७२ वर येतं, हे तक्ता बघूनच कळायला हवं. चांगल्या तक्त्यात तिसऱ्या गणातल्या, बेरिअम आणि त्याखालच्या रेडिअमच्या पुढच्या, दोन चौकटींना आणि खालच्या दोन ओळींना जोडीजोडीने एकच रंग असतो, आणि चौकटीत ‘५७–७१’ व ‘८९–१०३’ असं स्पष्ट छापलेलं असतं. नुसती चांदणी टाकून सोडून दिलेलं असेल, तर खालच्या ओळी म्हणजे आठवं आणि नववं आवर्त (आडवी ओळ), असा समज होतो आणि तो अकरावीपर्यंत जात नाही.

याच जागी सगळ्यात जास्त चुकाही असतात, त्यामुळे इथे जरा वेळ द्या. तिसरा गण दाखवायच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. एकीत स्कँडिअम आणि यट्रिअमच्या खाली दोन्ही चौकटींत फक्त आकड्यांची व्याप्ती आणि खाली पंधरा-पंधराच्या दोन ओळी. आययूपीएसीचा तक्ता असाच आहे. दुसरीत लँथॅनम आणि अ‍ॅक्टिनिअम वर मुख्य सारणीत आणि खाली चौदा-चौदा. तिसरीत ल्युटेशिअम आणि लॉरेन्सिअम वर, आणि खाली लँथॅनम ते यटर्बिअम व अ‍ॅक्टिनिअम ते नोबेलिअम असे चौदा-चौदा. या तिन्हींपैकी कोणतीही चालेल. नेमकं वर कोण असावं यावर रसायनशास्त्रज्ञांत अजून वाद आहे. आययूपीएसीच्या एका अभ्यासगटाने २०२१ मध्ये तिसऱ्या मांडणीच्या बाजूने मत दिलं, पण अधिकृत तक्ता बदललेला नाही. चूक होते ती मांडण्यांची सरमिसळ केल्यावर: लँथॅनम वरही छापलेलं आणि खालच्या पंधराच्या ओळीतही. मग एकूण चौकटी ११८ ऐवजी १२० भरतात. मोजून बघायला मिनिटभर लागतो. वरच्या सात ओळींत २, ८, ८, १८, १८, १८, १८ अशा नव्वद जागा असतात. तिसऱ्या गणातल्या शेवटच्या दोन जागांत मूलद्रव्यं असतील तर खाली २८ हवीत, नुसती व्याप्ती असेल तर ३०.

दुसरी तपासणी तक्त्याच्या वयाची. ११३, ११५, ११७ आणि ११८ या चौकटी बघा. निहोनिअम, मॉस्कोव्हिअम, टेनेसीन, ओगानेसन ही नावं २८ नोव्हेंबर २०१६ रोजी पक्की झाली. त्याजागी ‘अनअनट्रिअम’सारखी तीन अक्षरी चिन्हांची तात्पुरती नावं असतील, तर मजकूर त्याआधीचा आहे, छपाई कितीही ताजी दिसो. ११४ आणि ११६ म्हणजे फ्लेरोव्हिअम आणि लिव्हरमोरिअम, ही नावं २०१२ ची, आणि ११२ म्हणजे कोपर्निसिअम २०१० चं. जुनी फाईल वर्षानुवर्षं तशीच छापली जाते, त्यामुळे कोपऱ्यात छापलेल्या वर्षावर जाऊ नका, चौकटी बघा.

तिसरी, गणांचे क्रमांक. १ ते १८ असे सलग आकडे हवेत. बऱ्याच तक्त्यांवर अजून रोमन आकड्यांपुढे ए आणि बी असतात. गोंधळ असा की जुन्या अमेरिकी पद्धतीत कार्बनचा गण चार-ए आणि टायटॅनिअमचा चार-बी, तर जुन्या युरोपी पद्धतीत बरोबर उलटं. हा घोळ मिटवण्यासाठीच आययूपीएसीने १९८० च्या दशकात १ ते १८ ची शिफारस केली. दोन्ही प्रकारचे क्रमांक एकाखाली एक छापलेले असतील तर हरकत नाही, पण एकटे ए-बी असतील तर तक्ता घेऊ नका. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ हे दुसरं प्रकरण आहे आणि त्यातली सारणी १ ते १८ गणांचीच आहे.

सलग आकड्यांचा फायदा लगेच हाताशी लागतो. गण १ आणि २ मध्ये संयुजा इलेक्ट्रॉनांची (सगळ्यात बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांची) संख्या म्हणजे गणाचाच आकडा, आणि १३ ते १८ मध्ये गणाच्या आकड्यातून १० वजा केले की झालं. (हेलिअम अपवाद: गण १८, पण इलेक्ट्रॉन दोनच.) एक चौकट घेऊन बघू. आर्सेनिक, अणुअंक ३३. चौथ्या ओळीत आहे, म्हणजे सगळ्यात बाहेरचं कवच चौथं. गण १५ आहे, म्हणजे त्या कवचात पाच इलेक्ट्रॉन. पी-खंडातला तिसरा स्तंभ, म्हणजे पाचपैकी दोन चार-एस मध्ये (चौथ्या कवचाच्या एस उपकवचात) आणि तीन चार-पी मध्ये. संरूपण (इलेक्ट्रॉनांची मांडणी) पाठ न करता, निव्वळ जागेवरून ते लिहिता आलं. वर नायट्रोजन आणि फॉस्फरस, खाली अँटिमनी आणि बिस्मथ, म्हणून हायड्राइडचं सूत्र अमोनियाच्या धर्तीवर, एका आर्सेनिकला तीन हायड्रोजन. धातू आणि अधातू वेगळे करणाऱ्या नागमोडी रेषेला लागून आहे, म्हणून धातुसदृश. हे सगळं तक्त्यावर बोट ठेवून वाचता येत असेल तर तो तक्ता कामाचा. म्हणून खंडांच्या सीमा ठळक हव्यात: एस-खंडाचे दोन स्तंभ, डी-खंडाचे दहा, पी-खंडाचे सहा आणि एफ-खंडाचे चौदा. हे आकडे असे का, तर एस, पी, डी, एफ या उपकवचांत अनुक्रमे २, ६, १०, १४ इलेक्ट्रॉनच मावतात. आवर्तांची लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ का होते, हेही याच बेरजांतून निघतं.

रंगांबद्दल थोडं. एकाच तक्त्यात धातू-अधातूंचे रंग, खंडांचे रंग आणि स्थायू-द्रव-वायूचे रंग असे तिन्ही कोंबले की कशाचाच अर्थ लागत नाही. चौकटीची पार्श्वभूमी एका गोष्टीसाठी आणि चिन्हाच्या अक्षराचा रंग दुसऱ्या गोष्टीसाठी, इतकंच पुरे. अवस्था दाखवली असेल तर तापमान लिहिलेलं आहे का ते बघा. २५ अंश सेल्सिअसला फक्त ब्रोमिन आणि पारा द्रव असतात. सिझिअम २८.५ अंशाला वितळतं आणि गॅलिअम २९.८ अंशाला. म्हणजे मे महिन्यात विदर्भातल्या वर्गात ती दोन्हीही द्रवच असतील. तापमान न लिहिता गॅलिअमला ‘द्रव’ किंवा ‘स्थायू’ म्हणणारा तक्ता अर्धवट आहे. शेवटच्या रांगेकडेही नजर टाका. ओगानेसनला इतर राजवायूंचा रंग देऊन ‘वायू’ म्हटलेलं असतं. आजवर त्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच अणू तयार झाले आहेत, वायू की स्थायू हे कोणी पाहिलेलं नाही. असे जड अणू करड्या रंगात, ‘गुणधर्म अज्ञात’ म्हणून दाखवणारा तक्ता जास्त प्रामाणिक.

आता अणुवस्तुमानं. चार जोड्या बघितल्या की छपाईतली बेफिकिरी लगेच उघडी पडते. अरगॉन ३९.९५ आणि पोटॅशिअम ३९.१०. कोबाल्ट ५८.९३ आणि निकेल ५८.६९. टेल्युरिअम १२७.६० आणि आयोडीन १२६.९०. थोरिअम २३२.०४ आणि प्रोटॅक्टिनिअम २३१.०४. या चारही ठिकाणी अणुअंक वाढतो, पण वस्तुमान कमी होतं. कुठल्यातरी ‘दुरुस्ती’ करणाऱ्याने हे आकडे चढत्या क्रमाने लावले असतील, तर त्या तक्त्यातला कोणताच आकडा विश्वासाचा नाही. याच जोड्यांमुळे वस्तुमानाच्या क्रमावर उभी असलेली मेंडेलीव्हची मांडणी अडत होती आणि १९१३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ मोझलेने क्ष-किरणांच्या मोजमापांवरून अणुअंक हाच खरा आधार असल्याचं दाखवल्यावर ती अडचण सुटली. म्हणून वर मोठ्या अक्षरांत ‘मेंडेलीव्हची आवर्तसारणी’ आणि खाली १८ गण व ११८ मूलद्रव्यं, असं शीर्षक असलेला तक्ता परीक्षेच्या दृष्टीनेही घातक आहे. मेंडेलीव्हच्या १८६९ च्या सारणीत ६३ मूलद्रव्यं होती, राजवायू एकही नव्हता. मेंडेलीव्हची आणि आधुनिक सारणी यांतला फरक हा हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे.

काही आकडे वेगवेगळ्या तक्त्यांत वेगळे दिसतात, पण ती चूक नसते. क्लोरीन ३५.४५ किंवा ३५.५, दोन्ही ठीक. दुसरा शालेय गणितासाठी पूर्णांकित केलेला. टेक्नेशिअमपुढे कंसात ९७ किंवा ९८ असतं: कंसातला आकडा म्हणजे जास्त काळ टिकणाऱ्या समस्थानिकाचा (त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वस्तुमानाच्या अणूचा) वस्तुमानांक, आणि या दोन समस्थानिकांचे अर्धायुष्यकाल जवळजवळ सारखे आहेत. आययूपीएसीच्या प्रमाण अणुवस्तुमानांच्या यादीत शिसं, लिथिअम, बोरॉन, हायड्रोजन अशा १४ मूलद्रव्यांना एका आकड्याऐवजी चौकोनी कंसात व्याप्ती दिलेली असते. शिशाची २०६.१४ ते २०७.९४ आहे, कारण खनिज कुठलं यावर त्यातल्या समस्थानिकांचं प्रमाण बदलतं. २०२२ च्या तक्त्यात मात्र एकच आकडा आणि त्यापुढे ± ने अनिश्चितता दिलेली असते, मुलांनी तो आकडाच घ्यायचा.

बाणांनी दाखवलेले कल हा आणखी एक भाग. अणुत्रिज्या आवर्तात डावीकडून उजवीकडे कमी होते आणि गणात वरून खाली वाढते. आयनीकरण ऊर्जेचं (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचं) उलट. बाणाचं टोक कोणत्या बाजूला आहे आणि ते ‘वाढ’ दाखवतं की ‘घट’, हे शब्दांत लिहिलेलं हवं. दुसऱ्या आवर्तातले आकडे पडताळून बघा: लिथिअम १५२ पिकोमीटर, ऑक्सिजन ६६. आयनीकरण ऊर्जेच्या बाणाजवळ ‘साधारणपणे’ हा शब्द असेल तर तक्ता करणाऱ्याला विषय कळतो असं समजा, कारण बेरिलिअमपेक्षा बोरॉनची आणि नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजनची ऊर्जा कमी आहे. इलेक्ट्रॉन संरूपण दिलेलं असेल तर क्रोमिअम आणि तांबं या दोनच चौकटी बघा: चार-एस मध्ये दोन्हीकडे एकच इलेक्ट्रॉन हवा, तीन-डी मध्ये अनुक्रमे पाच आणि दहा. दोन छापले असतील तर संरूपण नियमाने यंत्रवत भरलं आहे, कोणी तपासलेलं नाही.

मराठी तक्त्यांत वेगळ्या चुका भेटतात. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर नव्या फॉन्टमध्ये नेताना ‘अ‍ॅ’ तुटतो आणि अ‍ॅल्युमिनिअम, अ‍ॅक्टिनिअम, अ‍ॅस्टेटाइन ओळखू येत नाहीत. चिन्हाचं दुसरं अक्षर कॅपिटल छापलेलं आढळतं. कोबाल्टच्या बाबतीत त्याचा थेट कार्बन मोनॉक्साइड होतो. इंग्रजी नावात फ्लुओरीनचं स्पेलिंग चुकणं तर नेहमीचंच, यू आणि ओ ची जागा बदलते. ज्यांच्या चिन्हाचा इंग्रजी नावाशी मेळ लागत नाही अशी ११ मूलद्रव्यं आहेत: सोडिअम, पोटॅशिअम, लोह, तांबं, चांदी, कथिल, अँटिमनी, टंगस्टन, सोनं, पारा, शिसं. यांच्या चौकटीत नॅट्रिअम, फेरम, प्लंबम असं मूळ नाव बारीक अक्षरांत देणारा तक्ता मिळाला तर जरूर घ्या. मराठी माध्यमाच्या मुलांना पाठांतराचा अर्धा त्रास तिथेच वाचतो.

आकाराचा हिशेब विकत घेण्याआधी करा. १८ स्तंभ आणि कडेची जागा धरली तर ए-३ कागदावर एक चौकट साधारण सव्वादोन सेंटिमीटरची होते, ए-१ वर साडेचार आणि ए-० वर सुमारे सव्वासहा सेंटिमीटरची. चौकटीच्या एक तृतीयांश उंचीचं चिन्ह धरलं तर ए-१ वरची चिन्हं पाच-सहा मीटरवरच्या शेवटच्या बाकावरून वाचता येतात, अणुअंक कसाबसा आणि वस्तुमान अजिबात नाही. म्हणून वर्गाच्या तक्त्यात चौकटीत चारच गोष्टी हव्यात: अणुअंक, चिन्ह, नाव, वस्तुमान. उत्कलनबिंदू, घनता, शोधाचं वर्ष वगैरे भरलेला तक्ता हातात धरून वाचायचा असतो, भिंतीवर लावायचा नसतो.

आययूपीएसीच्या पीडीएफमध्ये याच चार गोष्टी आहेत. ४ मे २०२२ ही तारीख असलेली आवृत्ती वापरा. तिची उणीव अशी की नावं इंग्रजीत आहेत आणि खंडांचे-गणांचे रंग नाहीत. छापून घेताना दुकानदाराला ‘फाईल ताणू नका, प्रमाणातच मोठी करा’ असं सांगा. फ्लेक्सवाले जागा भरायला आडवी ताणतात आणि अक्षरं चपटी होतात. फ्लेक्सपेक्षा जाड कागद आणि लॅमिनेशन बरं, बारीक आकडे स्वच्छ येतात. लॅमिनेशन करण्याआधीच जाड मार्करने चार खंडांच्या सीमा आखा, बोरॉनपासून निघणारी नागमोडी रेषा काढा, तिसऱ्या गणातल्या दोन चौकटी आणि खालच्या दोन ओळी हायलायटरने जोडीजोडीने रंगवा. लॅमिनेशन मॅट असेल तर खिडकीच्या उजेडाची चकाकी येत नाही, पण व्हाइटबोर्ड मार्करचे डाग त्यावरून नीट पुसले जात नाहीत. चकचकीत असेल तर लिहून पुसता येतं. तक्ता खिडकीसमोरच्या भिंतीवर जाणार असेल तर मॅट, बाजूच्या भिंतीवर असेल तर चकचकीत, असा आमचा सल्ला. कडेला एक सेंटिमीटर तरी मोकळं लॅमिनेशन सोडायला सांगा. कागदाच्या कडेला लागून कापलं की पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट हवा आत शिरून बुरशीचे ठिपके पडतात.

प्रयोगशाळेत लावताना क्षार-परीक्षणाच्या टेबलापासून आणि आम्लांच्या कपाटापासून लांब लावा. हायड्रोजन क्लोराइडच्या वाफांनी लोखंडी रिंगा आणि खिळे गंजतात, मग तक्ता वरच्या कोपऱ्यातून फाटतो. रेक्झिनच्या तक्त्याच्या पट्ट्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या असाव्यात, पत्र्याच्या नको. थेट उन्हात लाल-पिवळे रंग आधी उडतात आणि वर्ष-दोन वर्षांत गणांचे रंग एकमेकांत मिसळून जातात.

भिंतीवरच्या तक्त्याला जोड म्हणून ‘पीटेबल’ हे फुकट संकेतस्थळ मोबाईलवर किंवा प्रोजेक्टरवर जरूर वापरा. त्यात तापमानाची पट्टी सरकवता येते; ३०३ केल्विनला आणलीत की सिझिअम आणि गॅलिअम द्रव झालेली दिसतात. दुसरी मोलाची सोय म्हणजे रुंद मांडणी. ती निवडली की खालच्या दोन ओळी आपल्या खऱ्या जागी जाऊन बसतात आणि ३२ स्तंभांची अखंड सारणी दिसते. झिर्कोनिअम आणि त्याच्या खालचं हाफ्निअम यांची धातू-त्रिज्या जवळपास सारखी, १६० आणि १५९ पिकोमीटर का, हे या मांडणीत दिसतं: मध्ये चौदा जास्तीची मूलद्रव्यं येऊन गेलेली असतात आणि त्या प्रवासात अणू आकसत जातो. हाफ्निअम १९२३ पर्यंत झिर्कोनिअमच्या खनिजांत लपून राहिलं ते यामुळेच. भिंतीवर ३२ स्तंभांचा तक्ता लावायचा तर मीटरभर रुंदीतही चौकट तीनच सेंटिमीटरची होते, त्यामुळे ही मांडणी पडद्यावरच बरी.

शाळेत आधीच जुना तक्ता असेल तर तो लगेच काढून टाकायची गरज नाही. तात्पुरती नावं असतील तर त्या चार-सहा चौकटींच्या मापाची पांढरी लेबलं छापून चिकटवा, चिन्हाचा ठसा बाकीच्यांइतकाच ठेवा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. ए-बीच्या गणांवर १ ते १८ आकड्यांची एकच लांब पट्टी वरच्या कडेला चिकटवता येते. लँथॅनम दोनदा असेल तर वरच्या चौकटीवर ‘५७–७१’ आणि त्याखालच्या अ‍ॅक्टिनिअमच्या चौकटीवर ‘८९–१०३’ असं लेबल लावा. पण उलट्या लावलेल्या वस्तुमानांचा, चुकीच्या संरूपणांचा किंवा फिक्या पडलेल्या रंगांचा तक्ता मात्र उतरवावाच, कारण तिथे कुठे कुठे लेबल लावायचं हेच कळत नाही.